निळाऱ्यांची मुकी आळी

जपून या मंडळी, पायाखाली बघा. सोनाळ नदी इथे पसरते, गुडघाभर पाण्यातून बैलगाडीसुद्धा पलीकडे जाते, म्हणून या जागेला आम्ही उतार म्हणतो. आणि काठाच्या मातीत या ज्या निळ्या खापऱ्या रुतलेल्या दिसतायत, त्या उचलू नका. लोक उचलतात, घरी नेऊन कुंडीत खोचतात. फोटो काढा बापडे हवे तेवढे, पण खापरी जागेवर राहू द्या. हे आमच्या आळीतले निळीचे रांजण आहेत. नासलेला रांजण फोडून त्याच्या खापऱ्या आम्ही इथे आणून टाकतो, आणि तो नासल्या दिवसापासून फुटेपर्यंत त्या घरातलं कोणी चकार शब्द बोलत नाही. म्हातारं नाही, तान्ह्याची आईसुद्धा नाही. पाहुणा आला तर पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि हात जोडायचे. परगावचे लोक म्हणतात, हिवरदऱ्याचे निळारी मोठे घुमे. म्हणू देत.

असं पहिल्यापासून नव्हतं. उलट आमच्या वाडवडलांइतकी वटवटी माणसं पंचक्रोशीत दुसरी नव्हती, असं सांगतात. आणि बोलायची तीही धडधडीत खोटं! दचकू नका. ते त्यांच्या धंद्यातच होतं.

रांजण म्हणजे काय ते आधी ऐकून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला थोरला रांजण, त्यात नीळ, चुना, गूळ आणि उकडलेलं टाकळ्याचं बी. हे सगळं आंबतं, ऊब धरतं आणि मग रांजण जिवंत होतो. वर तांब्याच्या रंगाची साय येते, खाली पाणी पिवळट हिरवं. त्यात बुडवलेलं कापड बाहेर काढलं की पोपटी दिसतं आणि वारा लागला की बघता बघता निळं होतं. मघाशी आळीत तुम्ही ते बघितलंत, तोंडं उघडी पडली होती तुमची. असा रांजण कधी रिकामा करत नाहीत. त्याला रोज भरवायचं, रोज ढवळायचं. आजोबाचा रांजण नातवाला मिळतो. आणि एखाद्या दिवशी, कारण नाही काही नाही, तो नासतो. साय फाटते, घाण वास सुटतो, कापड पोतेऱ्यासारखं मळकट निघतं. मग गूळ घाला, चुना घाला, नवस बोला. उठला तर उठला.

यावर जुन्या लोकांचा एक उपाय होता म्हणे. खोटं सोडायचं, म्हणजे वावडी उठवायची. निळाऱ्याने वेशीबाहेर जायचं, वाटेने जाणाऱ्या परक्या माणसाला एखादी न घडलेली गोष्ट सांगायची आणि गुपचूप घरी यायचं. ती गोष्ट फिरत फिरत दुसऱ्याच्या तोंडून गावात आली, गावाने ती खरी मानली, की रांजण उठतो. मात्र त्या रांजणातलं पहिलं कापड ज्याचं त्याला पोचेपर्यंत, ते खोटं होतं असं कोणाला सांगायचं नाही. सांगितलं की रांजण मेला, तो कायमचाच. आता ही रीत साऱ्या मुलखाला ठाऊक होती. फलाण्या गावी गाईने माणसाच्या आवाजात हाक मारली, अशी बातमी कोणी आणली, की लोक हसून विचारत, "कुठल्या निळाऱ्याचा रांजण नासला रे?" पण गंमत अशी, की हसणारेही दहातल्या दोन बातम्या खऱ्या मानतच. तेवढ्यावर आमचे रांजण चालत.

तर याच आळीत रेवजी नावाचा निळारी होऊन गेला. किती पिढ्या झाल्या ते विचारू नका, आमच्याकडे तसलं लिहून ठेवायची पद्धत नाही. निळीत कापड बुडवणारे पुष्कळ होते; रेवजी मेणाने चित्र काढणारा होता. बांबूची कलम, तिच्या पोटाशी चिंधीचा बोळा, बोळ्यात वितळलेलं मेण. पांढऱ्या लुगड्यावर तो हातानेच रेघ सोडायचा. साचा नाही, ठसा नाही, आधी कोळशाने आखणं नाही. मेण बसतं तिथे नीळ शिरत नाही. मग लुगडं आठ-दहा वेळा रांजणात बुडवायचं, दर खेपेला वाऱ्यावर धरायचं, शेवटी उकळत्या पाण्यात मेण सोडवायचं आणि या उताराच्या वाहत्या पाण्यात धुवायचं, की काळ्याभोर निळ्यावर पांढरं चित्र उघडतं. इतरांच्या चंद्रकळेवर ठिपक्यांच्या चांदण्या असायच्या. रेवजीच्या चंद्रकळेवर वाऱ्याने पाण्यावर उठणारी बारीक लाट असायची, नाहीतर बोरीची एकच डहाळी आणि तिच्यावर दोन बोरं. त्या एका डहाळीसाठी तो तीन-तीन दिवस बोरीखाली बसून असे. लोक म्हणत, याला काम नाही. लोकांना काय!

एक मात्र खरं. हातात काम असलं की त्याचं बाकी कशात ध्यान नसे. जेवलात का विचारलं, तर हो म्हणायचा आणि उपाशी राहायचा. दारात आलेल्या व्याह्याला एकदा त्याने "बाई घरात नाही" सांगून परत पाठवलं होतं म्हणे. बायको साळू वैतागून म्हणायची, "यांचा सगळा जीव डोळ्यांत आणि बोटांत. तोंड नुसतं उघडमीट करायला दिलंय देवाने." थट्टेतलं बोलणं होतं ते, आळीतल्या बायका खो-खो हसायच्या.

त्या वर्षी सोनजाईचं लुगडं रेवजीकडे होतं. डोंगरावरच्या सोनजाईला चैत्री पुनवेला आळीकडून चंद्रकळा जायची, दर वर्षी एकेका घराची पाळी. सबंध आळीची अब्रू त्या एका लुगड्यात. रेवजीने मेणाचं काम माघातच सुरू केलं आणि होळीपर्यंत पुरं केलं. पदरापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याने सोनाळ नदी काढली, उगमापासून थेट या उतारापर्यंत. फक्त बुडवायचं राहिलं होतं, आणि होळीनंतर सहाव्या दिवशी रांजण नासला. पाच पिढ्यांचा रांजण. रेवजीच्या बापाने मरताना पोराला ना घराचं सांगितलं, ना आईचं. रांजणाचं झाकण तेवढं त्याच्या हातात दिलं होतं.

रेवजीने करायचं ते सगळं केलं. गूळ घातला, खारीक घातली, शेणीची धग दिली. रोज बोट बुडवून जिभेला लावायचा आणि थुंकायचा. साळू सोनजाईला खणानारळाचा नवस बोलली. पाच दिवस गेले. त्याचं जेवण तुटलं. मग त्याने खोटं सोडलं. पहिल्यांदा, पलीकडच्या रानात पांढरा कावळा दिसला. कोणी ऐकूनही घेतलं नाही. मग, एका म्हशीला जुळं झालं आणि त्यातलं एक पारडू तीन पायांचं. लोक हसले, "अरे, रांजण!" म्हणाले आणि कामाला लागले. इकडे रांजणाचा वास आळीच्या टोकापर्यंत जायला लागला.

नवव्या दिवशी, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी, रेवजी वेशीबाहेरच्या बाभळीखाली बसला होता. बांगड्या विकणारा भुजंगा वैराळ गाठोडं घेऊन आला, घाम पुसत टेकला आणि म्हणाला, काय नवीन? रेवजीच्या डोळ्यांपुढे ते लुगडं होतं. त्याला एवढंच कळत होतं, की विचित्र काही सांगून चालत नाही. साधं सांगावं, चांगलं सांगावं, कोणाचं वाईट होणार नाही असं सांगावं. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "घाटाखालून एकजण येतोय म्हणे. दोन बैलांवर मीठ लादलंय, दाढी छातीपर्यंत. हिवरदऱ्याची वाट विचारत होता."

एवढंच. नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही. त्याच्या मनात कोणी नव्हतंच. मीठ आठवलं, कारण त्या दिवशी साळू भाकरीबरोबर मीठ द्यायला विसरली होती, असं सांगणारे सांगतात.

नाव गावाने घातलं. या उताराच्या तोंडाशी राही नावाच्या बाईचं खोपट होतं. तिचा नवरा हैबती लदणीचे बैल घेऊन मीठ आणायला घाट उतरून कोकणात गेला होता, त्याला पाच वर्षं झाली होती. ना माग, ना निरोप. पहिली दोन वर्षं ती रोज उतारावर येऊन बसायची. हळूहळू येणं कमी झालं. भावकीने समजूत घातली, आणि जातीतलाच मानाजी म्हणून एक मळेकरी होता, बायको वारलेली, पदरी तीन वर्षांची पोर, त्याच्याशी राहीचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, ठरवला. पाडव्यानंतरच्या गुरुवारी पाट लागायचा होता. राही पुन्हा हसायला लागली होती म्हणे. मानाजीची पोर तिच्या कडेवरून उतरत नव्हती.

भुजंगा दुपारपर्यंत चार आळ्या फिरला. एकेका मनगटात बांगड्या भरता भरता बातमी वाढत गेली. बैल पांढरेशुभ्र झाले, त्यांच्या गळ्यात घुंगरू आले. दाढीवाल्याच्या कपाळावर व्रण आला, कारण हैबतीच्या कपाळावर व्रण होता. तिसऱ्या प्रहरी कोणीतरी राहीच्या दारात उभं राहून ओरडलं, "अगं, हैबती आला! घाट चढला म्हणतात!" राही मानाजीच्या पोरीची वेणी घालत होती. वेणी अर्धी सोडून ती उठली आणि धावत इथे आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवजीने झाकण काढलं, आणि बघतो तर तांब्याची साय! वास गोड, फेस निळा. जिभेला लावलं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. भर अंगणात तो साळूला मिठीच मारायला निघाला, ती "अगं बाई!" करत चुलीकडे पळाली. कोणतं खोटं लागू पडलं, कुठे पोचलं, कोणी मानलं, याची त्याने चौकशीसुद्धा केली नाही. पाच दिवस तो होता आणि रांजण होता. दहा बुचकळ्या दिल्या. असा निळा आधी कधी निघाला नव्हता आणि पुढेही निघाला नाही, असं आळीतली माणसं छातीवर हात ठेवून सांगतात.

सहाव्या दिवशी तो लुगडं धुवायला उतारावर आला, तर राही पाण्यातले दगड घासत होती. एकेक दगड, नारळाच्या शेंडीने. काठ शेणाने सारवला होता, वर रांगोळी घातली होती. रेवजीने सहज विचारलं, "काय गं राही, आज कसला सण?"

"तात्या, तुम्हाला ठाऊक नाही? हे येतायत! दोन बैलांवर मीठ घेऊन. शेवाळावरून बैलाचा पाय घसरायला नको."

रेवजीच्या हातातलं लुगडं पाण्यात सुटलं, ते त्याने धावत जाऊन कसंबसं पकडलं. दोन बैल, मीठ. त्याचेच शब्द. "आणि पाट?" त्याने विचारलं.

"मोडला की. जिचा नवरा वाटेत आहे तिचा पाट कसा लागेल?" असं म्हणून ती हसली आणि पुढच्या दगडाला लागली.

आता बघा पंचाईत. लुगडं रंगून झालं होतं, पण देवीला पोचलं नव्हतं. पुनवेला अजून नऊ दिवस होते. त्याआधी तोंड उघडलं तर पाच पिढ्यांचा रांजण मरणार, आणि मेल्या रांजणातलं लुगडं देवीला चालत नाही. रेवजी मूग गिळून बसला. आम्ही त्याला शिव्या देत नाही. तुम्हाला द्यायच्या असतील तर द्या, पण आधी स्वतःच्या घरातलं सगळ्यात जुनं माणूस डोळ्यांपुढे आणा. नऊच दिवस, तो मनाशी म्हणाला. मग सगळं सांगून टाकतो. पाट काय, पुढच्या महिन्यात लागेल.

त्या नऊ दिवसांत मानाजी त्याच्याकडे आला, पोरीला खांद्यावर घेऊन. "तात्या, तुमचं ती ऐकते," तो म्हणाला. "एकदा विचारा तिला, हैबतीला खरंच कोणी बघितलंय का. ही पोर जेवत नाही माझी." रेवजीच्या अगदी ओठांवर आलं होतं सगळं. पाठीमागे परसात रांजण होता. तो कसाबसा एवढंच बोलला, "पुनवेपर्यंत थांब." मानाजीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. पुनवेपर्यंत हैबती येणार, हे तात्यासुद्धा धरून चाललेत, असं त्याला वाटलं. त्याने हात जोडले, आणि दोन दिवसांनी पोरीला घेऊन तो बहिणीच्या गावी निघून गेला. तिथे बहिणीने महिनाभरात त्याचं लग्न लावून दिलं.

पुनवेला लुगडं डोंगरावर चढलं. देवीच्या अंगावर नदी वाहायला लागली म्हणे, लोक बघून रडले. रेवजीने वर मान करून बघितलंसुद्धा नाही. पुजाऱ्याने शेवटची निरी खोचली, तसा तो धापा टाकत डोंगर उतरला तो सरळ राहीच्या दारात. तिला त्याने सगळं सांगितलं. रांजण कसा नासला, पांढरा कावळा, तीन पायांचं पारडू, मग तो वैराळ, ते बैल, ते मीठ. नऊ दिवस आपण का गप्प राहिलो, तेही सांगितलं. सांगताना तो उंबऱ्यावर डोकं आपटत होता.

राहीने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिच्या गालाला खळी पडली. "तात्या," ती म्हणाली, "रांजण नासला वाटतं तुमचा?"

कळलं का? तिला वाटलं, हेच निळाऱ्याचं खोटं. रांजण बिघडलाय म्हणून तात्या काहीबाही सांगत सुटलेत. रेवजीने सोनजाईची आण घेतली. ती म्हणाली, आण घेतल्याशिवाय निळाऱ्याचं खोटं पुरं होतं का कधी? मग त्याने तिला हाताला धरून आपल्या परसात नेलं, झाकण काढलं. बघ, कुठे नासलाय? बघ नीट! राहीने वाकून बघितलं. साय होती, फेस होता, वास गोड होता. "म्हणजे लागलंसुद्धा खोटं!" ती म्हणाली. "बरं झालं बाई. मला आपली काळजीच वाटत होती."

रेवजी पंचांकडे गेला. पंच पोट धरधरून हसले. त्याने तीन गावं पालथी घालून भुजंगा वैराळाला शोधून आणलं आणि पारावर उभं केलं. सांग म्हणाला, तुला ही बातमी कोणी दिली ते सांग. आता भुजंगाने ती इतक्या जणींना सांगितली होती, की तो माणूस त्याला स्वतःलाच भेटला होता. तो छाती ठोकून म्हणाला, "दिली कोणी? मी या डोळ्यांनी बघितलाय. माझ्याकडे पाणी मागितलं त्याने."

शेवटी रेवजी घरी आला आणि कुऱ्हाड घेऊन परसात गेला. साळू आडवी पडली. तिला बाजूला सारून त्याने भोवतीची माती उकरली आणि रांजण फोडला. नीळ वाहत वाहत शेजारच्या अंगणापर्यंत गेली. खापऱ्या पाटीत भरून तो इथे आला आणि राहीच्या पायाशी ओतल्या. "चांगला रांजण फोडलाय मी. जिवंत होता तो. आता तरी माझं खरं मान." सगळा गाव जमला होता. आणि गाव काय म्हणाला? "बघा, नासलाच होता! म्हातारा उगाच झाकत होता." राही तर त्याचीच समजूत घालायला लागली. "रडू नका तात्या. हे आले की तुम्हाला नवा रांजण घेऊन द्यायला सांगते."

त्या दिवसापासून रेवजीने दुसऱ्या कोणासाठी कलम धरली नाही. वर्षाला एक लुगडं, तेही राहीचं. दर फाल्गुनात ती पांढरं लुगडं घेऊन यायची. "तात्या, हे येतील तेव्हा अंगावर नवं हवं." नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? चुलतभावाच्या रांजणात तो ते बुडवायचा. एके वर्षी त्याच्या मनात आलं, तोंडाने सांगून पटत नाही तर हाताने सांगू. त्याने पदरावर सगळी हकीकत काढली. बाभळ काढली, बाभळीखाली स्वतःला काढलं, समोर गाठोडं घेतलेला वैराळ, आणि स्वतःच्या उघड्या तोंडातून निघालेले दोन बैल, पुढे पुढे धुरासारखे विरत गेलेले. बैलांच्या मागे माणसाची जागा रिकामी ठेवली. चार महिने खपला. राहीने पदर उलगडला, बैलांवरून हात फिरवला, आणि तिचे डोळे भरून आले. "अगदी यांचेच बैल काढलेत," ती म्हणाली. हात टेकले हो त्या माणसाने. ज्या बोटांना सोनाळ नदी काढता आली, त्यांना एवढं एक खरं सांगता येईना.

अशी सव्वीस वर्षं गेली. राहीचे केस पांढरे झाले. मानाजीची पोर मोठी झाली आणि नवऱ्याबरोबर गाडीत बसून याच उतारावरून गेली. राहीने बाजूला होऊन गाडीला वाट दिली. दोघींनी एकमेकींना ओळखलं नाही. काठावर बसलेल्या रेवजीने पोरीला ओळखलं, बापाचंच नाक होतं. तो तोंड फिरवून बसला आणि गाडीचा आवाज थांबेपर्यंत त्याने मागे बघितलं नाही.

मग एका वैशाखात रेवजीने अंथरूण धरलं. पाणी घशाखाली उतरेना, आणि प्राणही जाईना. डोळे दाराकडे लागलेले. साळूने काय ते ओळखलं आणि ऐन दुपारी जाऊन राहीला घेऊन आली. तिला बघून त्याचे ओठ हलायला लागले. पुन्हा तेच. वैराळ, बैल, मीठ, खोटं. राही त्याच्या उशाशी बसली. आयुष्यभर धुऊनही त्याच्या हातांची निळाई गेली नव्हती. ते हात तिने आपल्या हातांत घेतले. "ठाऊक आहे मला, तात्या," ती म्हणाली. "केव्हाच ठाऊक आहे. तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हाच पटलं होतं. मी कोणाची वाट बघत नाही. उतारावर बसायची आपली सवय लागलीय, म्हणून बसते. माझा राग नाही तुमच्यावर." रेवजीने तिच्याकडे एकदा नीट बघितलं. कपाळावरच्या आठ्या मोकळ्या झाल्या. घटकाभरात तो गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साळू अस्थी घेऊन इथे आली, तर राही नारळाची शेंडी घेऊन दगड घासत होती. साळू जागच्या जागी थबकली. "राही, तू तर परवा म्हणालीस, की तुला..."

राहीने मान वर केली नाही. "काय करणार, काकी? जीव अडकला होता त्यांचा. बोलले मी खोटं. देव मला काय ती शिक्षा देईल." मग दगडावर ओंजळभर पाणी मारून ती म्हणाली, "हे आले की यांना सांगेन, तात्यांनी माझ्यासाठी किती लुगडी रंगवली."

साळू घरी आली, आणि त्यानंतर तिचा शब्द कोणी ऐकला नाही. त्याच वर्षीच्या थंडीत चुलतदिराचा रांजण नासला. तो खोटं सोडायला वेशीकडे निघाला, तर ही म्हातारी दारात आडवी उभी राहिली, तोंडावर हात ठेवून. ती हलेना. तो ओट्यावर बसला. चार दिवस कोणी कोणाशी बोललं नाही, आणि पाचव्या दिवशी त्याने आपला रांजण फोडून खापऱ्या इथे आणल्या. तेव्हापासून ही रीत पडली, असं सांगतात. हैबतीचं म्हणाल तर तो कधी आला नाही. राही इथेच गेली, याच काठावर, अंगावर शेवटची चंद्रकळा होती.

आजही आळीत रांजण नासला की दार लोटतात आणि सगळं घर मुकं होतं. पूर्वी चाळीस रांजण होते, आता तीन उरलेत. खोटं सोडत राहिलो असतो तर निम्मे तरी वाचले असते, असं आमच्यातलेच काहीजण म्हणतात. गेल्या पौषात आमच्या घरचा नासला. अकरा दिवस आम्ही सगळे गप्प होतो. अकराव्या दिवशी सूनबाईने मोबाईलवर लिहून पुढे धरलं, मामंजी, एवढंसंच काहीतरी सोडून बघा ना, कोणाचं वाईट होणार नाही असं. दिवसभर तेच डोक्यात. कोणाला नोकरी लागली म्हणावं? कोणाची हरवलेली गाय सापडली म्हणावं? कुठलीही चांगली गोष्ट घ्या हो, तिची वाट बघत कुठेतरी कोणीतरी बसलेलं असतंच. बाराव्या दिवशी आम्ही रांजण फोडला.